करडा किनारा

श्रोतेहो, समुद्र दारात आहे आणि कोणाला दिसत नाही, असे कधी ऐकले आहे का? एका राज्यात तसे घडले. तिथला रिवाज असा, की आभाळ कितीही दाटलेले असो, राजाचा समुद्र चित्रात निळाच रंगवायचा. राजचित्रकार सुरंगीही तसाच रंगवी. धूम्रकंठ मांत्रिकाने दरबारातले चित्र पाहिले, खिडकीबाहेरचा करडा समुद्र पाहिला, आणि तो राजा भानुकेतूला म्हणाला, "जे आहे ते तुला पाहायचे नाही. मग ते दिसूच नये."

तत्क्षणी धुके उतरले. राजकन्या चारुलेखेची होडी समुद्रात अडकली. होडीवर सुरंगीचा नवरा, हरबा नाखवा होता.

सुरंगीच्या खिडकीत कुररी, समुद्रावर उडणारी पक्षीण, येऊन बसली. म्हणाली, "भिंतीवर किनारा रंगव. ओली वाळू, लाट, आभाळ. तिन्ही करडी, तिन्ही वेगळी. राजाने तिन्ही ओळखली तर होडी परतेल. निळा ठिपका पडला तर बुडेल."

"धुक्यात पाहू कशी गं, बाई?"

"इतकी वर्षे किनाऱ्यावर राहिलीस. नुसत्या नवऱ्याच्याच वाटेकडे पाहत होतीस काय?"

सुरंगीने शिंपल्यांच्या चुन्यात करवंटीची राख आणि चिमूटभर गेरू कालवला, वाळू झाली. काजळात पानांचा रस मिसळला, लाट झाली. आभाळाचा रंग मात्र पाच वेळा पुसावा लागला. शेवटी चुन्याला काजळाचा नुसता वास दिला.

सुरंगीने बोलावले तसा राजा भिंतीपाशी आला. "ही वाळू. ही लाट. वर काय आहे? सगळे एकच दिसते. निळीचे बोट लाव."

सवयीने सुरंगीचा हात निळीकडे गेला. तिने तो मागे घेतला. "महाराज, निळा ठिपका पडला तर होडी बुडेल, असे कुररी सांगून गेली. त्या होडीत माझा नवरा आहे, आपली लेक आहे. बोट लावायचेच तर आपल्या हाताने लावा."

राजा खाली बसला. पाहत राहिला. दिवस कलला तेव्हा म्हणाला, "वरचे किंचित उजळ आहे. तांदळाच्या धुवणासारखे."

"महाराजांनी तांदूळ कधी धुतले?"

"लहानपणी. मुदपाकखान्यात पळून जात असे." राजाने पुन्हा पाहिले. "सुरंगी, हे आभाळ आहे."

धुके विरू लागले. राजाने निळ्या समुद्राचा रिवाज मोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी वाळूला लागली; चारुलेखा राजवाड्यात गेली, आणि हरबा घरी येऊन पेज प्याला.