जड अणूचं बारसं

दर वेळी मलाच सांगायला लावता. त्या दिवशी मठात बाबांपाशी मी एकटाच होतो, हा काय माझा गुन्हा? बरं, ऐका. मधे बोलू नका.

“जी बारशापर्यंतसुद्धा जगली नाही, तिला आता नाव कशाला, बाबा?”

विचारणारा आठल्ये. मोठा शास्त्रज्ञ, परदेशात असतो. शेजारी बायको, सुमेधा. त्यांची तान्ही मुलगी गेलेली. आईला तिला नाव द्यायचं होतं, हा ऐकेना. समजूत काढा म्हणून तिला सोमगीरबाबांकडे घेऊन आला. वर मला म्हणतो, “आजोबा, तुम्ही जरा बाहेर बसा.”

मी हललो नाही. त्याची माफी अजून यायची आहे.

बाबांनी विचारलं, “तिकडं तू काय करतोस?”

गडी फुलला. “निसर्गात कुठंच नाही असं मूलद्रव्य बनवतो. अणूवर अणू आदळायचे, महिनोन्‌महिने. मग एखादा जुळतो. युरेनियमहून कितीतरी जड!”

“बघू.”

“दाखवता नाही येत. पापणी लवायच्या आत फुटतो.”

“तू पाहिलास?”

“कुणीच नाही पाहिला.”

“मी तिला पाहिलंय,” सुमेधा पुटपुटली. त्यानं लक्ष दिलं नाही.

“मग आला होता, हे कशावरून?”

“फुटताना खूण ठेवून जातो, बाबा. तेवढ्यावरून.”

बाबांनी हात जोडले. आठल्येला नव्हे, समोरच्या रिकाम्या जागेला. मला अणूबिणू कळत नाही. पण अंगावर काटा आला.

“टिकत का नाही रे?”

“फार जड असतो म्हणूनच. आतलं आतल्याला ढकलतं.”

बाबांनी एकदा सुमेधाकडं पाहिलं.

“मग असल्याला म्हणता तरी काय?”

“वा! नाव आहे की. आम्हीच देणार म्हणून भांडणं झाली. जगभरचे विद्वान बसले, वर्षं गेली, तेव्हा कुठं त्याचं ना...”

तिथंच अडकला.

बायकोकडं बघेना. बाबांकडंही बघेना...

सुमेधा पुढं सरकली. बारशाला बाळाच्या कानाशी वाकतात, तशी बाबांच्या कानाशी वाकली.

बाबांनी मान मागं घेतली. आठल्येकडं बोट केलं.

“मला नको, बाई. ह्याच्या कानात सांग.”