ओळीची सुरुवात

“म्हणजे मुद्दामच विसरून राह्यली ती. दुसरं काय म्हणावं, बाबा?”

दंडवत घालून उत्तम खंडारे बसला, तो हाच प्रश्न घेऊन.

बाबा त्या महानुभाव मठाचे म्हातारे महंत. आयुष्यभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून थकले होते बिचारे. त्यांनी भिंतीला पाठ टेकली.

“कोण विसरते?”

“माही कृतिका. नऊ वर्षांची झाली. काल वाचलेला शब्द आज पुढ्यात ठेवला, तर जन्मात पाह्यला नाई असं तोंड करते.”

उत्तम गावच्या शाळेत गुरुजी होता. आपल्या वर्गातून न वाचता येणारं पोर कधी बाहेर पडलं नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. आणि घरात हे! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. वर्षभर रोज संध्याकाळी तो पोरीला घेऊन बसत होता, आणि आता पार मेटाकुटीला आला होता.

“शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणे, डिस्लेक्सिया आहे. अक्षरं लावता लावताच दमते म्हणे ती, मग ध्यानात ठेवाले काही उरत नाई. असं कुठं असते का, बाबा? ध्यान तर चांगलं तल्लख आहे तिचं. ऐका तुम्हीच.”

अंगणात गहू निवडणाऱ्या बायांना कृतिका गोष्ट सांगत होती. मागच्या खेपेला बाबांनीच सांगितलेली. एक शब्द गाळत नव्हती.

“ऐकलेलं राहते, वाचलेलं राहत नाई. म्हणजे आळसच ना? सोमवारी तिले वसतिगृहाच्या शाळेत टाकतो. तिथले सर कडक आहेत. तुम्ही फक्त हो म्हणा. तिची माय तुमच्या शब्दाबाहेर नाई.”

बाबांनी अंगणातल्या पोरीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“मारतं काय तिले?”

“... येते वेळ कधी कधी.”

“कधी कधी?”

उत्तम सतरंजीचा दोरा ओढत राहिला.

“रोजच.”

बाबांनी शेजारच्या पोथीतलं एक पान काढून त्याच्यापुढे ठेवलं. पंथाच्या जुन्या गुप्त लिपीतलं. अक्षरं सगळी ओळखीचीच, पण एकाच्या जागी भलतंच घातलेलं. तरुणपणी बाबांनीच त्याला ती लिपी शिकवली होती. तेव्हा महिनाभर स्वारीचे पाय जमिनीवर नव्हते.

“पहिली ओळ वाच.”

“येते मले हे.”

“मग वाच ना.”

उत्तमने बोट ठेवलं. एक अक्षर सुटलं. दुसरंही सुटलं. तिसऱ्यापाशी तो अडला... ते लागलं, तोवर दुसरं काय निघालं होतं ते गेलं. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. कपाळाला घाम आला. कसंबसं बोट ओळीच्या टोकाला पोचलं.

बाबांनी पानावर तळहात ठेवला.

“सुरुवातीले काय होतं?”

“पाहतो...”

“पाहू नको. आत्ताच तर वाचलं.”

“आठवत नाई, बाबा. ‘देव’... देवाचं काहीतरी होतं...”

“मुद्दाम विसरून राह्यला तू.”

“नाई हो, बाबा! खरंच नाई!”

बाबांनी हात उगारला.

दोन पोरांचा बाप, गावचा गुरुजी, मान खांद्यांत ओढून, डोळे घट्ट मिटून बसला.

फटका आलाच नाही. त्याने डोळे उघडले. हात अजून वरच होता.

“आता सांग. काय होतं?”

उत्तमने तोंड उघडलं. मघाशी हाताला लागलेला तो एक शब्दही आता नव्हता. डोकं नुसतं रिकामं. त्याला एकदम रडू आलं, आणि ते त्याने लपवलंही नाही.

अंगणातली गोष्ट चालूच होती. बाया हसत होत्या.

“सोमवारी...” त्याच्या तोंडून एवढंच निघालं.

बाबांनी हात खाली घेतला. दुसऱ्या हाताने खांदा चोळत ते पुन्हा भिंतीला टेकले.

“एकच डाव हात उचलला बाप्पा... तर खांदा भरून आला माहा. तू रोज कसा उचलतं रे?”