सोन्याच्या ताटातली अंबाडी

एका राज्यात रिवाज असा, की राजाच्या ताटात हिरवं पान पडता कामा नये. हिरवं गुरांनी खावं. राजानं खावं तळलेलं, पाकात घोळलेलं आणि वर मद्याचे पेले. ताटही सोन्याचं, एका मांत्रिकानं शापून दिलेलं. त्यात भाजी वाढली तरी तिची जिलबी होई. शाप इतका गोड, की कुणी तक्रारच केली नाही.

राजा हेमांगदाला मूल नव्हतं. दोष राणीचा, हे दरबारानं न विचारताच ठरवलं. राणी कुमुद्वतीनं बारा वर्षं उपास केले, कडू काढे प्याली. शेवटी गुढीपाडव्याला प्रधानानं सांगितलं, दसऱ्यापर्यंत दिवस गेले नाहीत तर राणीनं कायमचं माहेरी जावं.

राणीनं आशाच सोडली आणि ती पेटी भरायला बसली. तेव्हा खिडकीत एक साळुंकी येऊन बसली आणि बोलू लागली.

"राणीसाहेब, पथ्य चुकीच्या माणसानं केलं. बीज राजाचं कोमेजलंय, त्या ताटापायी."

राणीला आधी राग आला, मग रडू आलं, आणि मग बारा वर्षांत पहिल्यांदा कडकडून भूक लागली. जेवून ती साळुंकीला घेऊन राजाकडे गेली.

साळुंकीनं राजालाही तेच सांगितलं. मग त्यानं उपाय विचारला.

"तीन कामं," साळुंकी म्हणाली. "स्वतः खुडलेली भाजी पत्रावळीवर खायची. स्वतः फोडलेले अक्रोड खायचे. मद्याला शिवायचं नाही. नवं बीज धरायला नव्वद दिवस लागतात. सोन्याच्या ताटात भाजी भाजीच राहिली, की शाप सुटला."

राजानं पहिल्याच दिवशी मेथी खाऊन तोंड वाकडं केलं. आचारी तर ओक्साबोक्शी रडला. चाळिसाव्या दिवशी राजाचा हात मद्याच्या पेल्याकडे गेला. तेवढ्यात त्याला राणीची अर्धी भरलेली पेटी दिसली, आणि त्यानं पेला मोरीत ओतला.

नव्वदाव्या दिवशी सोन्याच्या ताटात अंबाडी वाढली. ती अंबाडीच राहिली.

दसऱ्याला दोन दिवस उरले असताना वैद्यानं राणीची नाडी पाहिली आणि हसून हात जोडले. प्रधान राणीचं अभिनंदन करायला पुढे आला. राजानं त्याला थांबवलं आणि भर दरबारात उभा राहिला.

"बारा वर्षं दोष माझ्या ताटात होता. शिक्षा राणीनं भोगली."

राणीच्या छातीवरचा दगड तिथे उतरला. त्या संध्याकाळी तिनं पेटीतली लुगडी काढली आणि तिच्यात बाळाची दुपटी रचली.