तीन टोपल्यांची तपासणी

जंगलात पक्की घरं बांधायची टूम निघाली, तेव्हाची गोष्ट. जो बांधकामाचा राडारोडा नीट मार्गी लावील, त्याच्या दारावर बगळेसाहेब हिरवं पान लावत. कोल्ह्याने सगळा राडारोडा कासवाच्या तळ्यात लोटला आणि दारात तीन रंगीत टोपल्या मांडून त्यांत धुतलेले विटांचे तुकडे रचले.

बगळेसाहेब कोल्ह्याकडे तपासणीला आले, तेव्हा बिचारं कासव धापा टाकत तिथवर आलं. "साहेब, एकदा माझं तळं बघा."

"तपासणी टोपल्यांची असते," म्हणत बगळ्याने पान लावलं, पाहुणचार घेतला आणि नेहमीसारखा मासे खायला तळ्यावर उतरला. पाय फुटक्या विटांवर आपटले.

"मासे कुठे गेले रे?"

मागून पोचलेलं कासव म्हणालं, "टोपल्यांत बघा की, साहेब. तपासणी त्यांचीच असते ना."