खांब आणि छत

माणूस जन्मायच्या कितीतरी आधी एक दलदलीतलं जंगल चिखलात गाडलं गेलं. त्याच्यावर नदीने वाळू आणून टाकली. पुढे वाळूचा दगड झाला आणि जंगलाचा कोळसा.

"दादा, जरा सरक की! जीव गुदमरतो माझा," कोळसा वरच्या दगडाला सारखा म्हणायचा.

"सरकून जाऊ कुठे? माझ्याही डोक्यावर डोंगर आहे," दगड म्हणायचा. कोळशाला तो जन्माचा वैरी वाटे.

मग खाणकामगार आले. त्यांनी बोगदे खणून कोळसा नेला आणि वरच्या दगडाचं छत पेलायला मध्ये मध्ये कोळशाचेच खांब उभे ठेवले. त्यातला एक खांब फार चिडला. "भाऊबंद सुटले, मीच तेवढा याच्याखाली अडकलो!"

एके दिवशी छत कडकडलं. "पळा रे, छत बोलून राहिलं!" लटारू नावाचा कामगार ओरडला.

"मला तडा गेलाय," दगड कळवळून खांबाला म्हणाला. "खाली माणसं आहेत. थोडा वेळ धर मला."

"एवढं ओझं मला पेलेल?"

"अरे, तू भिजलेला पाला होतास. माझ्या भारानेच तर असा घट्ट झालास."

खांबाने सगळा जीव एकवटला. त्याच्या कडांचे टवके उडाले, पण तो ढळला नाही. सगळ्यांत शेवटी निघालेल्या लटारूने त्याच्यावर हात टेकला. "उपकार झाले, बाप्पा," म्हणाला आणि धावत सुटला.

माणसं वर उजेडात पोचली. तेव्हा खांब दगडाला म्हणाला, "दादा, इतकी युगं तुला वैरी समजलो. आता टेक माझ्यावर. सावकाश टेक."