पेढे वाटले त्या दिवशी

एकदा एका विद्यापीठात, धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या एका पोराने गाढवासारखी पैज घेतली. नाव इंद्रजित. पीएचडीचं तिसरं वर्ष, अक्कल मात्र दहावीतली. कँटीनमध्ये मित्र म्हणाला, "सुलक्षणाताईच्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या बदलून दाखव. आहे हिंमत?"

"हात्तिच्या!" म्हणत इंद्रजित उठला. ताई, प्रयोगशाळेतली वरिष्ठ संशोधक, जेवायला गेली होती. तिच्या नव्या मिश्रधातूची चिठ्ठी त्याने साध्या पोलादाच्या कांड्यांना चिकटवली. दिसायला दोन्ही सारख्याच.

संध्याकाळी सांगायचं, सगळे हसतील, असा बेत होता. पण ताईने त्या कांड्या यंत्रावर ओढून तोडल्या, ताकद अपेक्षेच्या दुप्पट निघाली, आणि ती पेढेच घेऊन आली. तोंडात पेढा असताना कोण कबूल करतो?

ताईने पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, एकुलत्या एका जागेसाठी अर्ज केला होता. वयाची अट पस्तीस, म्हणजे तिची ही शेवटची संधी. हाच निकाल तिने अर्जाच्या पहिल्या पानावर टाकला.

निवड समिती म्हणाली, प्रयोग पुन्हा करा. केला. या वेळी मिश्रधातूच्या नव्याने ओतलेल्या कांड्या खडूसारख्या तुटल्या. समितीत कुजबुज सुरू झाली, "बाईंनी आकडे रंगवलेत."

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या सरांनी जुने तुटके तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली धरले. साधं पोलाद! त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. प्रयोगशाळेची वही उघडली आणि 'चूक कोणाची' या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. समितीलाही तसंच कळवलं.

इंद्रजितला राहवेना. "सर, तुम्ही तर त्या दिवशी परगावी होतात!"

"कोणत्या दिवशी रे?"

इंद्रजित वहीतल्या त्या रकान्याकडे बघू लागला.

सर शांतपणे म्हणाले, "हा रकाना मोकळा ठेवला, की सगळ्यात जवळ उभ्या असलेल्या माणसाचं नाव लोक त्यात भरतात. जवळ ती होती. मी सहा महिन्यांत निवृत्त होतोय, मला कुठे अर्ज करायचाय? म्हणून माझं नाव घातलं. पण ते खोटं आहे, बाळ. प्रयोगाच्या वहीत मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं."

ताईवरचा आरोप गेला, पण निकालही गेला; जागा दुसऱ्याला मिळाली. ताई टेबल आवरत होती. कप, चार्जर, सुकलेली तुळस, सगळं एका खोक्यात. इंद्रजित वही छातीशी धरून समोर उभा राहिला.

"ताई, तू पेढे वाटलेस त्या दिवशी..."

"आठवतंय. तू दोन खाल्लेस."

"हो." त्याने वही उघडून तिच्यापुढे ठेवली. सरांच्या नावावर रेघ होती, खाली ओल्या शाईत दुसरं नाव.

"चिठ्ठ्या मी बदलल्या होत्या."