पिंपातली रिकामी जागा

“पण वाचेल की नाही, एवढंच सांगा.”

एव्हारिस्तोकाका द्राक्षवेलीची फांदी वाकवून तारेला बांधत होते. बांधायला दोरी नव्हती, विलोच्या झाडाची ओली, लवचिक काडी होती. त्यांनी ती पिळली आणि टोक आत खुपसलं.

“मी वाईनबद्दल विचारतोय, काका.”

“मला वाटलं, माणसाबद्दल.”

सिल्वानो वेलींच्या ओळीत वरखाली फिरू लागला. टोपी काढायचा, पुन्हा घालायचा. टेकडीवर वारा होता, पण तो त्याच्याइतका अस्वस्थ नव्हता.

“बस जरा,” काका म्हणाले. “तुझा बाप निदान बसायचा तरी.”

उत्तर इटलीतल्या, पिएमोन्तेच्या या टेकड्यांवर काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकाच द्राक्षाची तांबडी वाईन करतात. ही वाईन तरुणपणी तोंड आवळून टाकते. ओकच्या मोठ्या पिंपात काही वर्षं काढल्यावरच ती माणसात येते. सिल्वानोचे वडील तुल्लिओ हे काम एव्हारिस्तोकाकांच्या हाताखाली शिकले होते. गेल्या उन्हाळ्यात तुल्लिओ वारले. त्यांनी केलेली शेवटची वाईन तळघरातल्या एका पिंपात होती.

सिल्वानोही काकांकडे येत असे. शिकायला आलो, असं मात्र तो कधी म्हणाला नाही. सहज आलो, म्हणायचा.

आज तो सहज आला नव्हता. सकाळी त्याने पिंपातली वाईन चाखली होती आणि जिभेच्या कडेला काहीतरी टोचलं होतं. व्हिनेगरसारखं. अगदी थोडं.

“भरलंस कधी शेवटचं?” काकांनी विचारलं.

सिल्वानोने टोपी काढली.

पिंपातली वाईन कोणी चोरत नाही, तरी कमी होते. थोडी लाकूड पितं, थोडी हवा नेते. वर मोकळी जागा राहिली की त्या जागेतून वाईन आंबायला लागते. म्हणून बूच काढायचं, पिंप काठोकाठ भरायचं, बूच बसवायचं. हे सिल्वानोला लहानपणापासून ठाऊक होतं. भरण्यासाठी त्याच वाईनचे काही बुधले वडिलांनी बाजूला ठेवलेही होते. पण दफनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं, आणि कोणीतरी ते बुधले वर आणले. संध्याकाळपर्यंत ते रिकामे झाले. लोक म्हणाले, तुल्लिओची वाईन चांगली होणार.

त्यानंतर सिल्वानोने पिंपात काहीच घातलं नव्हतं. उलट रोज खाली जाऊन काचेच्या नळीने घोटभर काढून चाखायचा. बायको म्हणायची, पिंपाला ताप आलाय का, रोज बघताय ते.

हिवाळ्यात एव्हारिस्तोकाकांनी आपल्या वाईनचा एक बुधला त्याच्याकडे पाठवला होता. सिल्वानोने तो परत पाठवला होता. सोबत निरोप होता, आमच्या पिंपात आमचीच वाईन राहील.

त्याबद्दल काका आजही काही बोलले नाहीत. उरलेल्या काड्या कमरेच्या पट्ट्यात खोचून ते उताराला लागले.

“कुठे निघालात?”

“तुझ्याकडे. वाईन काही इथे येणार नाही.”

तळघरात उतरल्यावर काकांनी आधी पिंपावर बोटांच्या पेरांनी ठोकलं. खालून वर ठोकत गेले. बराच वेळ आवाज जड येत होता. वरच्या फळीपाशी तो पोकळ झाला.

सिल्वानोने मान दुसरीकडे वळवली.

काका शिडीवर चढले, बूच काढून नाक खाली नेलं. मग नळीने थोडी वाईन काढून तोंडात घेतली आणि डोळे मिटले... सिल्वानो पिंपांच्या मधून दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

“वर आंबट झालीय,” काका शेवटी म्हणाले. “आत पोचलेलं नाही.”

“म्हणजे वाचेल?”

“आज भरलंस तर.”

“कशाने भरू? बाबांची होती ती संपली.”

“तुझी कुठेय? गेल्या काढणीची?”

सिल्वानोने कोपऱ्याकडे बोट केलं. वडील गेल्यानंतरची पहिली काढणी त्याने एकट्यानेच केली होती. ती वाईन त्या कोपऱ्यातल्या पिंपात होती. तिचं नाव तो कोणापुढे काढत नसे.

“ती कच्ची आहे,” तो म्हणाला. “उग्र आहे. मलाच आवडत नाही.”

“तुझ्या बापाची पहिली तर माझ्या कुत्र्यालाही आवडली नव्हती.”

सिल्वानोला हसू आलं असतं, पण आलं नाही.

“काका, हे बघा. याच्यात शेवटचा हात त्यांचा आहे. द्राक्षं त्यांनी तोडली, भिंत धरत धरत रोज तेच खाली यायचे. मला ती जशी आहे तशी बाटलीत भरायचीय. त्यात दुसरं काही पडलं तर ती त्यांची राहणार नाही.”

“आणि असंच ठेवलंस तर?”

उत्तर सिल्वानोच्या जिभेच्या कडेला सकाळपासून होतं.

काका शिडीच्या पायरीवर बसले. त्यांनी कमरेची एक काडी काढली आणि बोटाभोवती गुंडाळत राहिले.

“माझी बायको, लिदिया गेली, त्या हिवाळ्यात मी तळघरात उतरलो नाही,” ते म्हणाले. “दार उघडायचीसुद्धा इच्छा नव्हती. वसंतात उतरलो. म्हटलं, सगळं आंबलं असेल...”

वरच्या अंगणात वाऱ्याने खिडकीचं दार आपटलं.

“मग?”

“पिंपं काठोकाठ भरलेली होती.”

सिल्वानो पहिल्यांदा एका जागी उभा राहिला.

“बाबांनी?”

काकांनी होकारार्थी मान हलवली आणि काडी पुन्हा कमरेला खोचली.

“कुठल्या वाईनने भरली होती?”

“मी कधी विचारलं नाही.”

मग सिल्वानो कोपऱ्यात गेला. त्याने आपल्या पिंपाची तोटी सोडली आणि जग भरून आणला. काकांनी शिडी मोकळी करून दिली, जगाला मात्र हात लावला नाही.

सिल्वानो वर चढला. जगाची चोच बुचाच्या भोकावर टेकवली आणि तसाच थांबला. वाईन चोचीपर्यंत येऊन मागे जात होती.

“चुकलं तर परत काढता येणार नाही,” तो म्हणाला.

“नाही येणार.”

त्याने जग तिरका केला.

आत पडताना पहिल्यांदा पोकळ आवाज आला. जग रिकामा झाला, तो खाली उतरला, भरून आणला, पुन्हा चढला. असं बऱ्याचदा झालं. आवाज हळूहळू बारीक होत गेला. मग आवाज उरलाच नाही, आणि भोकाशी वाईनचा काळसर तांबडा काठ दिसला. तो किंचित फुगला आणि एक ओघळ फळीवरून खाली आला.

सिल्वानोने बूच बसवलं. तळहाताने दाबलं, पुन्हा दाबलं. मग तो खाली उतरला. पण त्याचे पाय अजून थांबत नव्हते. तो पिंपाभोवती एक फेरी मारून काकांसमोर येऊन उभा राहिला.

“आता तरी सांगा. ही आता कोणाची?”

काकांनी तो ओघळ अंगठ्याने टिपला आणि अंगठा पँटला पुसला.

“शनिवारी परत बघ,” ते म्हणाले. “थोडी कमी झालेली असेल. पुन्हा तुझीच घाल.”